डिफॉल्ट सेटिंग : निवडणूक नाही

तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातले असाल आणि 2000 साली किंवा त्यानंतर जन्मला असाल, तर जिल्हा परिषदेच्या सार्वत्रिक निवडणुकीत तुम्ही एकदाही मत दिलेलं नाही. देऊच शकला नाहीत. शेवटची निवडणूक फेब्रुवारी 2017 मध्ये झाली, त्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, आणि 2026 चा फेब्रुवारी उलटला तरी पुढची निवडणूक झालेली नव्हती. लोकसभेला आणि विधानसभेला प्रत्येकी दोनदा बोटाला शाई लागली असेल, त्याचा फोटो स्टेटसला ठेवला असेल. पण गावातली शाळा, आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी, गुरांचा दवाखाना, पाणीपुरवठा योजना आणि शेजारच्या गावाला जोडणारा रस्ता ज्या संस्थेकडे आहे, तिच्यावर कोण बसावं हे तुम्हाला कुणी विचारलेलं नाही.

ईव्हीएम, बोगस नावं, मतदारयाद्या यांवर आपण रात्र-रात्र ग्रुपवर भांडतो. भांडावंच. पण त्या भांडणाला निदान एक मतदान झालेलं असावं लागतं. इथे मतमोजणीवर शंका घ्यायची सोयच नाही, कारण मोजायला मतं नाहीत.

हे झालं कसं, ते नीट पाहू. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास गवळी खटल्यात सांगितलं की स्थानिक संस्थांतल्या ओबीसी आरक्षणासाठी समर्पित आयोग हवा, त्या-त्या संस्थेपुरती आकडेवारी हवी आणि एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या आत हवं. यवतमाळसह राज्यातल्या बऱ्याच जिल्हा परिषदांची मुदत संपायला तेव्हा एक वर्ष होतं. एका वर्षात आकडेवारी उभी करणं कठीण असेल, अशक्य नव्हतं. पुढे नेमलेल्या बांठिया आयोगाने काही महिन्यांतच अहवाल दिला, तो जुलै 2022 मध्ये. तेव्हा जिल्हा परिषदेत प्रशासक बसून चार महिने झाले होते.

त्याआधी विधिमंडळाने आणखी एक गोष्ट केली होती. 7 मार्च 2022 रोजी दोन्ही सभागृहांनी कायदे बदलून गट-गणांची आणि प्रभागांची रचना करण्याचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून राज्य सरकारकडे घेतले आणि आयोगाने तोवर केलेली रचना रद्द ठरवली. विरोधात कोण होतं? कुणीच नाही. सत्ताधारी महाविकास आघाडी, समोर भाजप, आणि विधेयकं एकमताने मंजूर. 11 मार्चला कायदा अमलात आला आणि त्याच महिन्यात जिल्हा परिषदेची मुदत संपली. जिल्हा परिषदेची सदस्यसंख्या किमान 50 होती ती 55 झाली, कमाल 75 होती ती 85 झाली. मग सरकार बदललं आणि ऑगस्टमध्ये शिंदे सरकारने ती परत 50 आणि 75 वर आणली. आकडा वर गेला, खाली आला. दर वेळी रचना नव्याने, दर वेळी नवी याचिका.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे एक साधा नियम आहे: नवी सेटिंग चालली नाही तर सिस्टिम आपोआप शेवटच्या चालू सेटिंगवर परतते. बँकेचं अॅप अपडेट फसल्यावर 'आता चार वर्षांनी या' म्हणत नाही. आपल्या निवडणूक कायद्यात हेच उलटं बसवलंय. रचना अडली, आरक्षण अडलं, सुनावणी अडली, की जुन्या रचनेवर मतदान होत नाही, थेट प्रशासक येतो. डिफॉल्ट म्हणजे निवडणूक नाही. आणि डिफॉल्ट ज्याच्या फायद्याचा असतो, त्याला काहीच करावं लागत नाही. फक्त काहीतरी अडकवून ठेवावं लागतं.

गंमत अशी की परतीचा रस्ता न्यायालयाने दाखवलाही होता. 4 मे 2022 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला सांगितलं की 11 मार्चपूर्वीची रचना धरा आणि दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करा. पण पुढे ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाने 'जैसे थे' म्हटलं आणि तारखांची माळ सुरू झाली. 6 मे 2025 रोजी पुन्हा आदेश: चार आठवड्यांत अधिसूचना, चार महिन्यांत निवडणूक. सप्टेंबरमध्ये मुदतवाढ, 31 जानेवारी 2026 पर्यंत. अखेर फेब्रुवारी 2026 मध्ये 12 जिल्हा परिषदांचं मतदान झालं. त्या यादीत यवतमाळ नाही, कारण इथलं एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या वर जातं. म्हणजे ज्या जिल्ह्यात आदिवासी आणि मागास समाज जास्त, त्याच जिल्ह्याने जास्त थांबायचं. शेजारच्या वाशिममध्ये जानेवारी 2020 मध्ये तरी मतदान झालं होतं. लोकसभेला यवतमाळ आणि वाशिम एकाच मतदारसंघात. जिल्हा परिषदेला मात्र नशीब वेगळं.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो वजनाचा आहे. ओबीसींना वगळून घाईने निवडणूक घेतली असती तर तो न्याय झाला असता का? नसता. पण थांबून तरी काय मिळालं? प्रशासकाच्या काळात ओबीसी सदस्य शून्य, आदिवासी सदस्य शून्य, महिला सदस्य शून्य. एका समाजाची जागा वाचवायची म्हणून सगळ्यांच्याच जागा रिकाम्या ठेवल्या गेल्या. आरक्षणाचा प्रश्न खरा आहे. तो पुढे करून मिळवलेला उशीर खरा वाटत नाही.

प्रशासक म्हणजे वाईट माणूस, असं मी म्हणत नाही. प्रश्न रचनेचा आहे. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक, पंचायत समितीत गटविकास अधिकारी प्रशासक. खर्चाचा प्रस्ताव ठेवणारा आणि त्याला मंजुरी देणारा एकच. आमच्याकडे स्वतःचा कोड स्वतःच तपासून पास करायला नवख्या पोरालाही परवानगी नसते. समजा शाळेच्या खोलीचं छत गळतंय. पूर्वी माणूस गटाच्या सदस्याच्या दारात जायचा, शिव्या घालायचा, आणि सदस्य सर्वसाधारण सभेत अधिकाऱ्याला उभं करायचा, कारण पाच वर्षांनी त्याच दारात मत मागायला यायचं होतं. आता गावात विचारा, "मेंबर कोन हाय आपला?" माजी मेंबरचं नाव सांगतात आणि हसतात.

ही रचना ज्याने घडवली तो माणूस याच जिल्ह्यातला, पुसद तालुक्यातल्या गहुलीचा. वसंतराव नाईक महसूलमंत्री असताना त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 1961 मध्ये अहवाल दिला, त्यावरून कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्या समितीने कलेक्टरला जिल्हा परिषदेबाहेर ठेवलं, आमदार-खासदारांनाही बाहेर ठेवलं. जिल्ह्याचा कारभार जिल्ह्याने निवडलेल्या लोकांनी करावा, हा विचार. आज आमदारांना सभागृह रिकामं असण्याची फारशी घाई का नाही, याचं उत्तर मला तिथेच दिसतं. जिल्हा परिषदेचा सदस्य हा उद्याचा विधानसभेचा उमेदवार असतो. तो नसला की कामाची पाटी एकाच नावाची लागते.

घटनेच्या कलम 243-ई मध्ये पंचायतींची मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि निवडणूक मुदत संपण्याआधी, असं सरळ लिहिलंय. ते मोडलं तर काय होईल, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. त्यामुळे मागणी एवढीच हवी: गट-गण रचना परत राज्य निवडणूक आयोगाकडे द्या. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधी रचना आणि सदस्यसंख्या गोठवा. त्यानंतरचा कोणताही बदल पुढच्या निवडणुकीपासून. आरक्षणाची आकडेवारी त्याच दिवसापर्यंत तयार नसेल तर मागच्या वेळचं गणित वापरा. प्रशासक सहा महिन्यांहून जास्त नको, आणि त्या काळात त्याला नवी कंत्राटं देता येऊ नयेत, फक्त पगार आणि चालू कामं.

शेवटच्या वाक्याला सगळ्यात जास्त विरोध होईल, आणि तो कोणत्या पक्षाकडून होतो ते बघा. मार्च 2022 चं एकमत आठवत असेल, तर अंदाज बांधणं अवघड नाही. आपल्या जिल्ह्यात सात आमदार आहेत. सातही जणांचे फोन नंबर सहज मिळतात. मेसेजमध्ये एकच प्रश्न टाका: गट-गणांची रचना आयोगाकडे परत देण्याचं विधेयक तुम्ही मांडणार का, हो की नाही?