जपानी भरीत

आमच्या जामनेरच्या गोतावळ्यात एक ठाम समजूत आहे : जपानी माणूस कच्चा मासा खाऊन जगतो! त्यामुळे शाकाहारी भाचा महिनाभर ओसाकात मॅगीवर, आणि ताई इथे रडतेय. मला हे साफ नामंजूर. अहो, तिथलं रोजचं घरचं जेवण म्हणजे भात, मिसोचं सूप, लोणचं नि एखादी भाजी. सुपात बहुधा माशाचा अर्क असतो, मान्य. पण 'याकीनासु'? वांगं आचेवर काळं होईस्तोवर भाजायचं, सोलायचं, वर किसलेलं आलं नि सोया सॉस. झालं! (माशाचे पापुद्रे भुरभुरतात, ते वगळायचे.) आपण पऱ्हाट्यांवर भाजून मिरची-लसणाबरोबर ठेचतो, एवढाच काय तो फरक. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून छाती फुगवणारे आपण, दुसऱ्याच्या भाजलेल्या वांग्याकडे बघायलाही तयार नाही?

ताई, ठेच्याचं पार्सल राहू दे. त्याला वांगी आणायला सांग.