प्रश्न विचारणाऱ्याच्या बाजूनं

आपल्या प्रत्येक वस्तीत एक पोरगा असतो. कल्याणच्या कोळसेवाडीत असतो, डोंबिवलीच्या शेलार नाक्याला असतो, ठाण्याच्या वागळे इस्टेटीत असतो. चाल बायकी म्हणून पोरं त्याला बायल्या म्हणतात. मास्तर हसतो, मग वर्ग हसतो. आणि एक पोरगी असते. तिला लग्न नको असतं, पण का ते सांगता येत नाही, कारण त्या गोष्टीला शब्द असतो हेच तिच्या कानावर कधी पडलेलं नसतं. चौदा एप्रिलला दोघंही पांढरे कपडे घालून मिरवणुकीत असतात. पुढं एक दिवस पोरगा दिसेनासा होतो. पोरीचं लग्न लागतं. वस्ती गप्प.

हा विषय घ्यायचा म्हटल्यावर काही दोस्तांनी कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, नोकरी नाही, घर नाही, शिष्यवृत्ती वेळेवर नाही, आणि तुम्ही ही पांढरपेशांची थेरं कुठून काढली? दोस्तांनो, ही थेरं असतील तर ती बाबासाहेबांनी कोर्टात नेली होती.

र. धों. कर्वे जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते. चवदार तळ्याचं सालही तेच. वाचक पत्र टाकून विचारायचे, हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल, जे घरात विचारलं तर थोबाड फुटेल ते. कर्वे सरळ उत्तर छापायचे. सनातन्यांनी अश्लीलतेचे खटले भरले. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं बॅरिस्टर आंबेडकरांनी. गोलमेज परिषदा गाजवून आलेला माणूस. अस्पृश्यांचा पुढारी. असली केस घेऊन त्याला काय मिळणार होतं? शिव्याच. तरी उभा राहिला. वाचकानं लैंगिक गोष्टींबद्दल विचारलं आणि संपादकानं शास्त्रानुसार सांगितलं, तर त्यात अश्लील काय, हा त्यांचा मुद्दा. हॅवलॉक एलिसच्या संशोधनाचा आधार दिला. कुणाची ओढ जन्मतःच तशी असेल तर त्याला त्याच्या रीतीनं सुख मिळवायचा हक्क आहे, इथपर्यंत ते गेले. केस हरली. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. सर्वोच्च न्यायालय त्याच जागी पोचलं ६ सप्टेंबर २०१८ ला. मधली ८४ वर्षं कुणी खाल्ली?

जयंतीच्या भाषणांत चवदार तळं असतं, काळाराम असतं, घटना असते. ही केस नसते. का नसते, ते भाषण करणाऱ्यांना विचारा.

आणखी एक कागद बघा. १८६० मध्ये इंग्रजांनी दंडसंहिता केली, तिच्यात ३७७ कलम टाकलं. निसर्गाविरुद्धचे संबंध म्हणे गुन्हा. अकरा वर्षांनी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा आणला. तो आपल्याला ठाऊक आहे. जन्मला की गुन्हेगार. सोलापूरचं तारेचं कुंपण आपण ऐकलंय, ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ आपण वाचलंय. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग कोण वाचतो? त्यात हिजड्यांची नोंदवही होती. नाव लिहा, पत्ता लिहा. रस्त्यावर लुगडं नेसून दिसला, नाचला, तर दोन वर्षांपर्यंत जेल. मृत्युपत्र करायचं नाही. मूल दत्तक घ्यायचं नाही. या भागाचा अंमल उत्तरेकडच्या प्रांतांत झाला, जमातींवरचा बडगा आपल्या इलाख्यात पुढं आला; पण दोघांना गुन्हेगार ठरवणारं डोकं एकच. जमाती ३१ ऑगस्ट १९५२ ला विमुक्त झाल्या. ३७७ चा फास आणखी ६६ वर्षं राहिला.

आणि आपल्या घरांतलं? केसात जट आली, पोरगा बायकी निघाला, की यल्लम्माला सोडला. जोगता झाला. सीमाभागातल्या आज्यांना विचारा, सोडलेले कुणाच्या घरचे होते. देवाच्या नावानं घराबाहेर काढायची ही पद्धत आपण देव टाकले तेव्हा बंद व्हायला हवी होती. आता देव नाही, फक्त घराबाहेर काढणं उरलंय.

शाळेकडं बोट दाखवू नका. २००७ मध्ये महाराष्ट्र सरकारनं शाळेतलं लैंगिक शिक्षणच थांबवलं. २०२१ च्या नोव्हेंबरात एनसीईआरटीनं ट्रान्सजेंडर मुलांना वर्गात कसं सामावून घ्यायचं याचं शिक्षकांसाठी पुस्तक काढलं. ओरड झाली, थोड्याच दिवसांत साइटवरून गायब. आमच्या दहावीच्या वर्गात प्रजननाचा धडा आला तेव्हा मास्तर म्हणाले, घरी वाचा, आणि चार पानं एकदम उलटली. पुढं डॉकवर आलो. तिथं सगळं ज्ञान मिळतं, पण शिवीच्या आकारात. गोणी उचलताना शिवी, ठेवताना शिवी. बायल्या, छक्का, गांडू. आपल्या पिढीचं लैंगिक शिक्षण एवढंच.

चळवळीतही तेच. साहेब काम करत नाही म्हणून आपले मोर्चे त्याच्या टेबलावर बांगड्या ठेवून येतात. बांगडी घालणारी आई मोर्च्यात पुढं चालत असते तरी. मनूनं बाईला जिथं बसवलं तिथूनच आपण शिवी उचलतो आणि वर स्वतःला क्रांतिकारक म्हणवतो!

नाव बदलायचं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवू नये. एका विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ आपण रस्त्यावर होतो, घरं जळाली, माणसं गेली. येवल्याला १९३५ मध्ये बाबासाहेबांनी जन्मानं मिळालेलं धुडकावलं, १९५६ मध्ये नागपुरात ते पुरं केलं. मग वस्तीतली एखादी म्हणाली की मला गणेश म्हणू नका, तर हसायचं कशाला? सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ ला सांगितलं, आपण कोण हे सांगायचा हक्क त्या माणसाचा. त्या खटल्यात आपल्या ठाण्याची लक्ष्मी नारायण त्रिपाठी उभी होती. तिनं पुढं आखाडा काढला, ते राजकारण आम्हाला मान्य नाही. ठाण्यातून उठून ती लढली, हे मान्य आहे. आणि दिशा पिंकी शेख, कवयित्री. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीनं तिला प्रवक्ती केलं. म्हणजे पुढाऱ्यांना जमलं. आपल्या अभ्यासिकांना कधी जमणार?

तर कामाचं बोलू. विहारातल्या अभ्यासिकेत रविवारचा एक तास यासाठी काढायचा. समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी, इंटरसेक्स हे शब्द फळ्यावर लिहायचे, शिवीशिवाय उच्चारायचे. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता १९९० मध्येच रोगांच्या यादीतून काढली. ‘बरं करतो’ म्हणणारा बुवा लबाड, आणि डॉक्टर म्हणत असेल तर तोही गुन्हेगार: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असल्या उपचारांना गैरवर्तन ठरवलंय. कुणाचं गुपित कळलं तर नाक्यावर न्यायचं नाही. घरी मारहाण होत असेल तर मुलांसाठी १०९८, जीव नकोसा झाला असेल तर टेली-मानसचा १४४१६, दोन्ही फुकट. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे. एकट्यानं जायची भीती वाटत असेल तर आपल्यातल्या कुणीतरी सोबत जायचं, तिकिटाचे पैसे वर्गणीतून.

पहिल्या रविवारी १९३४ ची केस वाचायची आहे. कुणाकडं ‘समाजस्वास्थ्य’चे जुने अंक असतील तर त्यानं घेऊन यावं.