वजन शंभर किलोच्या पुढे, मग पहिली मोटरसायकल कोणती? 'सीसी'च्या आधी पाहायचे आकडे

22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. करासह 1 लाख रुपयांना मिळणारी गाडी त्यामुळे साधारण 92,200 रुपयांवर आली (विमा आणि रस्ता कर वेगळा). इतका फरक पडला की घरात पुढची चर्चा ठरलेली असते: "वाचलेल्या पैशात थोडे अजून टाकले, तर मोठीच गाडी येते की!"

घेणाऱ्याचं वजन जास्त असेल, तर या चर्चेला आणखी जोर चढतो. "तुझ्या अंगाला स्प्लेंडर पुरणार नाही, बुलेटच घे," असं मित्र, मामा, शेजारी सगळेच सांगतात. या सल्ल्यात तथ्य किती?

एक उदाहरण घेऊ. जालना जिल्ह्यातल्या जाफ्राबाद तालुक्यात टेंभुर्णी आहे (पुणे-सोलापूर महामार्गावरचं टेंभुर्णी वेगळं, ते सोलापूर जिल्ह्यात). समजा, इथल्या 19 वर्षांच्या एका मुलाचं वजन 105 किलो आहे. त्याला पहिल्यांदाच गिअरची गाडी शिकायची आहे. कॉलेज, शेत, तालुक्याचा बाजार, सगळं याच गाडीवर होणार. त्याने काय पाहावं?

कायदा वजन विचारत नाही, सीसीही विचारत नाही

मोटार वाहन कायद्यानुसार गिअरच्या मोटरसायकलसाठी वयाची 18 वर्षं पूर्ण लागतात. शिकाऊ परवाना 6 महिने चालतो आणि तो मिळाल्यावर 30 दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. पण एकदा 'गिअरची मोटरसायकल' या वर्गाचा परवाना हाती आला, की 100 सीसीची स्प्लेंडर चालवा किंवा 1000 सीसीची गाडी, कायद्याच्या लेखी दोन्ही सारखंच.

ब्रिटनमध्ये 17 वर्षांच्या शिकाऊ चालकाला 125 सीसी आणि 11 किलोवॅट, म्हणजे सुमारे 15 पीएसपेक्षा मोठी गाडी मिळत नाही. युरोपातही ताकदीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आपल्याकडे अशी पायरी नाही. त्यामुळे पहिली गाडी किती मोठी असावी, हा निर्णय पूर्णपणे घेणाऱ्यावर आणि त्याच्या घरच्यांवर येतो.

ताकद खरंच कमी पडते का?

गाडी ओढते ते एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माणूस. हा हिशोब सोपा आहे.

- स्प्लेंडर प्लस, चालक 60 किलो: गाडी 112 किलो, ताकद सुमारे 8 पीएस. दर 100 किलोमागे साधारण 4.7 पीएस.
- स्प्लेंडर प्लस, चालक 105 किलो: दर 100 किलोमागे साधारण 3.7 पीएस. चढावर आणि ओव्हरटेक करताना फरक जाणवणार.
- होंडा शाइन 125, चालक 105 किलो: गाडी सुमारे 113 किलो, ताकद 10.7 पीएस. दर 100 किलोमागे साधारण 4.9 पीएस.
- पल्सर 150, चालक 105 किलो: गाडी सुमारे 148 किलो, ताकद 14 पीएस. दर 100 किलोमागे साधारण 5.5 पीएस.
- रॉयल एनफील्ड हंटर 350, चालक 105 किलो: गाडी 181 किलो, ताकद सुमारे 20 पीएस. दर 100 किलोमागे साधारण 7 पीएस.

यातली दुसरी ओळ मित्रांचं म्हणणं काही अंशी खरं ठरवते. 100 सीसीची गाडी 105 किलोच्या चालकाला घेऊन चालेल, पण दमेल. तिसरी ओळ मात्र जास्त महत्त्वाची आहे. साध्या 125 सीसी गाडीवर 105 किलोच्या मुलाला जवळपास तेवढाच जोर मिळतो, जेवढा 60 किलोच्या मुलाला स्प्लेंडरवर मिळतो. आणि 60 किलोची माणसं स्प्लेंडरवर वर्षानुवर्षं मजेत फिरत आहेत. म्हणजे फक्त ताकदीसाठी 350 सीसीपर्यंत जाण्याची गरज नाही.

शोरूममध्ये कुणी न विचारणारा आकडा

मायलेज सगळे विचारतात. गाडी किती भार पेलते, हे फार कमी लोक विचारतात. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत 'कमाल भार' किंवा 'पेलोड' असा आकडा असतो. काही ठिकाणी त्याऐवजी एकूण कमाल वजन दिलेलं असतं. त्यातून गाडीचं वजन वजा केलं, की भार कळतो.

स्प्लेंडर प्लससाठी हा आकडा 130 किलो आहे. चालक, मागे बसणारा आणि सामान, सगळं धरून 130 किलो. आता हिशोब करा.

105 किलोचा चालक बसला की 25 किलो उरतात. मागे युरियाची एक गोणी बांधली, तर ती 45 किलोची. मर्यादा तिथेच ओलांडली.

शिकतानाही हीच अडचण येते. नियमानुसार शिकाऊ चालकाला दुसऱ्या कुणाला डबलसीट बसवता येत नाही. मागे बसू शकतो तो फक्त शिकवणारा, ज्याच्याकडे पक्का परवाना आहे. गावात हे काम बहुतेक वेळा काका किंवा मोठा भाऊ करतो. तो 65 किलोचा धरला, तरी गाडीवर 170 किलो होतात.

हा फक्त जाड माणसाचा प्रश्न आहे, असंही नाही. 65 किलोची दोन माणसं बसली की 130 किलो भरतात. 55 किलोचे तिघे ट्रिपल सीट निघाले, तर 165 किलो होतात आणि वर 1,000 रुपये दंड व 3 महिने परवाना निलंबनाची तरतूद आहेच. तरी "गाडी बसली रे!" असं ऐकावं लागतं ते एकट्या जाड मुलालाच. शोरूममध्ये वजनाचा विषय काढायला त्याला संकोच वाटतो, तो यामुळेच. पण हा प्रश्न विचारला नाही, तर पुढे कर्जाचे हप्ते फिटेपर्यंत चुकीची गाडी सांभाळावी लागते.

सीसी वाढले म्हणून भाराचा आकडाही त्याच प्रमाणात वाढतो, असं समजू नका. प्रत्येक मॉडेलची पुस्तिका वेगळी पाहावी लागते.

मग बुलेट घ्यायला हरकत काय?

शिकणाऱ्याच्या हातून गाडी पडते. बहुतेक वेळा ती वेगात नाही, तर वळवताना, उभी करताना किंवा पावसाळ्यात शेताच्या वाटेवर चिखलात पडते. अशा वेळी 113 किलोची शाइन उचलणं आणि 195 किलोची क्लासिक 350 उचलणं यात 82 किलोंचा फरक आहे. अंगाने मोठा माणूस ताकदवान असतोच असं नाही, आणि गाडीचा तोल सांभाळण्याची सवय तर कुणालाच जन्मतः नसते.

उंचीचा मुद्दाही वेगळा पाहावा लागतो. वजन जास्त असणं आणि उंची जास्त असणं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माणूस बुटका पण वजनदार असेल, तर दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकणं सगळ्यात महत्त्वाचं. स्प्लेंडरची सीट 785 मिलिमीटरवर आहे, शाइनची 791, क्लासिक 350 ची 805, तर एक्सपल्स 200 ची 825. माणूस उंच असेल, तर गुडघे टाकीला किंवा हँडलला लागतात का, हे आधी पाहायचं.

हेच मुलींनाही लागू आहे. वजन जास्त असलेल्या मुलीला "तू स्कूटीच घे" असं सांगून विषय संपवला जातो. पण भाराची मर्यादा स्कूटरलाही असते आणि तीही विचारायलाच हवी.

ब्रेकवर काटकसर नको

60 ऐवजी 105 किलोचा चालक स्प्लेंडरवर बसला, तर एकूण वजन 172 वरून 217 किलो होतं. म्हणजे त्याच वेगाला थांबवताना ब्रेकला 26 टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते. म्हणून पुढचा डिस्क ब्रेक या चालकासाठी चैन नाही, गरज आहे.

1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. त्यामुळे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. 125 सीसीपर्यंतच्या गाड्यांना किमान सीबीएस लागतं, ज्यात एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. रोजचा प्रवास हायवेचा असेल आणि बजेट बसत असेल, तर 150-160 सीसीची एबीएस असलेली गाडी घेण्यामागे हे खरं कारण आहे.

गाडी घेण्याआधी आणि घेतल्यावर

1. घरच्या काट्यावरचं खरं वजन, रोज मागे बसणाऱ्याचं वजन आणि नेहमीचं सामान यांची बेरीज करा. हा आकडा पुस्तिकेतल्या कमाल भारापेक्षा कमी हवा.
2. टेस्ट राइड एकट्याने घेऊ नका. परवाना असलेल्या माणसाला चालवायला सांगा आणि तुम्ही मागे बसा. शॉकअप खाली आदळतात का, ते लगेच कळेल.
3. गाडी बंद असताना हाताने ढकलून वळवून पाहा, मेन स्टँडवर लावून पाहा.
4. मागचे शॉकअप कडक करता येतात. बहुतेक गाड्यांत त्यासाठी टप्पे असतात आणि पाना लावून मेकॅनिक ते काही मिनिटांत बदलतो. गाडी ताब्यात घेतानाच हे करून घ्या.
5. मागच्या टायरची हवा एकट्यासाठी वेगळी आणि डबलसीटसाठी जास्त असते. पंक्चरवाल्याला अंदाजाने भरू देऊ नका, पुस्तिकेतला आकडा सांगा.
6. टायर बदलताना कडेचा आकडा वाचा. '54P' मधल्या 54 चा अर्थ त्या टायरची क्षमता 212 किलो, तर 47 चा अर्थ 175 किलो. मूळ टायरपेक्षा कमी आकड्याचा टायर घेऊ नका.

टेंभुर्णीतल्या त्या 105 किलोच्या मुलासाठी या हिशोबातून निघणारं उत्तर असं: पुढे डिस्क ब्रेक असलेली 125 सीसी गाडी, किंवा हायवेवर रोज जायचं असेल तर 150-160 सीसीची एबीएसवाली. दोन्हींत भाराचा आकडा आधी तपासून. खताची गोणी मात्र टेम्पोतूनच येऊ द्यावी. बुलेटची हौस असेल, तर ती दोन-तीन वर्षं हात बसल्यावरही पूर्ण करता येते.