कवितेतली 'ती' कोण?

विरहाची गाणी म्हणजे रिकामटेकड्यांचे रडगाणे, असे म्हणणारी मंडळी आपल्या महाविद्यालयातही आहेत. मला ते पटत नाही.

सिनेमातले विरहगीत नायकाचे असते. कोण गेली, का गेली, हे आपण पडद्यावर पाहिलेले असते. भावगीतामागे अशी कथा नसते. म्हणूनच ते कोणाच्याही दुःखाला लागू पडते. आपल्या विदर्भातलेच उदाहरण पाहा. नागपूरच्या ग्रेस यांच्या 'ती गेली तेव्हा' या कवितेला हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिली. प्रेमभंग झालेली मुले ते गाणे प्रेयसीच्या आठवणीने गुणगुणतात. वास्तविक त्यातली 'ती' म्हणजे आई, आणि कवीने हे कवितेतच स्पष्ट सांगितले आहे! मग गुणगुणणारे चुकतात काय? मुळीच नाही. ज्याचे जे हरपले, ते त्याला त्यात ऐकू येते.

आमच्या वरठीचे रेल्वे स्थानक म्हणजे 'भंडारा रोड'. मुंबई-हावडा मार्गावरचे. येथून कोणी नोकरीसाठी पुण्याला जातो. कोणाचे लग्न, जात आडवी आली म्हणून, घाईघाईने दुसरीकडे उरकले जाते. घरात यावर बोलायची सोय नाही, बाबांजवळ तर नाहीच. (हुंड्याच्या बैठकीत मात्र सगळेच बोलके!) अशा वेळी एखाद्या मुलीने रात्री मोबाईल कानाशी धरून तोच अंतरा चार वेळा ऐकला, तर तिला हसणाऱ्यांनी तिच्याशी कधी दोन शब्द बोलायची तसदी घेतली होती काय?