पेढीच्या यंत्रांचा चोर दरवाजा

राजगडावर जाण्याच्या वाटा अनेक आहेत. पाली दरवाजाची वाट प्रशस्त, राजमार्गाची. गुंजवणे दरवाजा आणि अळू दरवाजा हेही गडाचे परिचित प्रवेश. याखेरीज गुंजवणे गावाकडून पद्मावती माचीवर निघणारी एक अरुंद, उभ्या चढणीची वाट आहे. ती चोर दरवाजातून गडात शिरते. मोठे दरवाजे बंद झाले तरी जाणत्या माणसाला आत-बाहेर करता यावे, एवढी सोय अशा दरवाजाने होते. संगणकाच्या जाळ्यातील यंत्रांनाही असाच एक चोर दरवाजा असतो. त्याचे नाव सिरियल कन्सोल.

भोरच्या बाजारपेठेतील आणि आता राजगड तालुका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेल्ह्यातील व्यापार आज तारेवर आणि लहरींवर उभा आहे. तांदळाच्या पोत्याचे बिल, जीएसटीचे विवरण, ई-वे बिल, बँकेचा भरणा, गल्ल्यावरील क्यूआर कोड, या सर्वांची वाट एका लहानशा राऊटरमधून जाते. या यंत्राला ना पडदा, ना कळफलक. त्याच्याशी बोलायचे तर नेहमी जाळ्यातूनच बोलावे लागते. परंतु मुसळधार पावसात वीज पुन्हा पुन्हा गेली, यंत्राची मांडणी बिघडली किंवा पूर्वीच्या तंत्रज्ञाने ठेवलेला पासवर्ड कोणालाच आठवेनासा झाला, तर जाळे बंद पडते आणि दुरुस्तीची वाटही त्याबरोबर बंद होते. तिजोरीची किल्ली तिजोरीतच राहावी, तशी ही गत. अशा वेळी तंत्रज्ञ एक केबल काढतो, यंत्राच्या मागील ‘कन्सोल’ लिहिलेल्या खाचेत बसवतो आणि दुसरे टोक आपल्या लॅपटॉपला जोडतो. जाळे पूर्ण मृत असले तरी यंत्र अक्षरे उमटवू लागते.

ही विद्या नवी नाही. तिचे मूळ तारखात्यात आहे. सिरियल म्हणजे एकामागून एक. एकाच तारेवरून खुणा ओळीने पाठवण्याची पाच खुणांची संकेतपद्धती फ्रेंच तारयंत्रज्ञ एमिल बोदो यांनी 1874 मध्ये नोंदवली. त्यांच्याच नावावरून वेगाच्या मोजमापाला ‘बॉड’ हा शब्द मिळाला. भारतातील तारसेवा जुलै 2013 मध्ये थांबली. परंतु तारेचा हा वंश प्रत्येक कन्सोलमध्ये जिवंत आहे. लिनक्स प्रणालीत या मार्गाला आजही ‘टीटीवाय’ म्हणतात, ते टेलिटाइप यंत्राच्या नावाचेच लघुरूप होय. अमेरिकेत 1960 मध्ये ठरलेले आरएस-232 हे मानक पुष्कळ ठिकाणी अद्याप चालते. पेढीवरील इलेक्ट्रॉनिक वजनकाटा बिलाच्या संगणकाला परस्पर वजन कळवतो, तेही बहुधा याच पद्धतीने.

जोडणीस मुळात तीनच तारा पुरतात: एक पाठवण्याची, एक घेण्याची, एक दोन्हींच्या समाईक पातळीची. एकाची पाठवण्याची तार दुसऱ्याच्या घेण्याच्या तारेला जुळावी लागते. एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाशी असावे, तसे. नव्या लॅपटॉपला सिरियल खाच नसते, म्हणून यूएसबीवरून जोडणारी केबल घेतात आणि पुट्टीसारखा छोटा प्रोग्राम उघडतात. मग वेग ठरवावा लागतो. तो बहुधा 9600 किंवा 1,15,200 असतो. 9600 बॉडला सेकंदास सुमारे 960 अक्षरे येतात. अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे उमटली, तर दोन्हीकडचा वेग जुळलेला नाही असे समजावे. काहीच न उमटल्यास एकदा एंटरची कळ दाबावी, मग तारा तपासाव्यात. एक सावधगिरी मात्र आवश्यक. उघड्या सर्किट बोर्डवरील कन्सोलच्या पिना बहुधा 3.3 व्होल्टच्या असतात. त्यांना आरएस-232 ची केबल थेट लावली, तर बोर्ड जळू शकतो.

चोर दरवाजा जितका उपयोगी, तितकाच धोक्याचा. ज्याच्या हाती कन्सोलची केबल आणि विजेचे बटण, त्याला अनेक राऊटरांवर यंत्र पुन्हा सुरू करून जुना पासवर्ड बाजूला सारता येतो. हीच सोय मालकाला वाचवते आणि हीच परक्या हाताला सर्व व्यवहारावर ताबा देऊ शकते. ज्या पेढीत रोजमेळ कुलपात ठेवला जातो, तेथेच राऊटर गिऱ्हाइकाच्या हाताला लागेल अशा फळीवर उघडा असतो, हे विसंगत होय. यंत्र कुलपाच्या कपाटात असावे, पासवर्ड बंद पाकिटात घरातील दोन जबाबदार व्यक्तींजवळ असावा आणि मांडणीची एक प्रत वेगळी जपलेली असावी. काही यंत्रांत पासवर्ड पुसताना मांडणीही पुसली जाते. तेव्हा ही प्रतच कामी येते.

पुण्याहून तंत्रज्ञ बोलवायचा, तर भोरपर्यंतच सुमारे 50 किलोमीटरचा प्रवास. पावसाळ्यात घाटाकडील वस्त्यांपर्यंत पोहोचण्याची खात्री त्याहून कमी. तोवर बिले थांबतात, माल दारात उभा राहतो. काहीशे रुपयांची योग्य केबल कपाटात असली आणि घरातील एखाद्या मुलाने वा सुनेने ती लावण्याचा सराव केलेला असला, तर तंत्रज्ञ दूरध्वनीवरून पुढची पायरी सांगू शकतो आणि पुष्कळदा काम तासाभरात मार्गी लागते. दिवाळीत नव्या वह्या उघडतात, त्याच दिवशी ही केबल एकदा लावून पाहावी. यंत्राने उत्तर दिले, की वर्षभराची एक काळजी मिटली; न दिले, तरी ती उणीव निवांत वेळी समजली, ऐन हंगामात नव्हे. चोर दरवाजाची वाट वेढा पडण्यापूर्वीच पायाखालची असावी लागते.