यादव कुठे गेले, हे कुणाला विचारता?

‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये २०२२ साली ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ आलं. बंगाली, द्रविड, गुर्जर आले. देवगिरीचे यादव नाहीत. माटुंग्याच्या कॉलेजकट्ट्यावर आपण चिडतो: ‘आपला इतिहास यांना दिसत नाही का?’

पण ते बनवणारा ‘फर्गॉटन एम्पायर्स’ स्टुडिओ जन्मला कसा? जुन्या गेमच्या चाहत्यांनी २०१२ साली स्वतःचा मॉड काढला, फुकट वाटला. २०१३ साली त्यावरूनच मायक्रोसॉफ्टचा अधिकृत विस्तार आला. त्यांनी कुणाच्या आमंत्रणाची वाट पाहिली नव्हती.

नकाशे आणि मोहिमा रचायचा एडिटर गेममध्येच आहे. देवगिरीचा कातळातला खंदक त्यात खणायला तुम्हाला कोण अडवतंय? स्टेटसवर अभिमान मिरवून यादव गेममध्ये येणार नाहीत. व्हीजेटीआयत कोडिंग शिकता ना? मग तक्रार पुरे. एडिटर उघडा.