शून्य पूर्णांक शून्य शून्य

गेल्या काही महिन्यांत आलेल्या वाचकांच्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसते आणि ती रास्त आहे. रत्नागिरीकडच्या एका पुळणीच्या वाळूचा अहवाल प्रयोगशाळेने दिला. मोनाझाइटच्या रकान्यात लिहिले होते, ‘आढळले नाही, शोधमर्यादा ०.०५ टक्के’. कार्यालयाने अहवाल परत पाठवला. शेरा असा की रकाना अंकातच भरावा, दशांशानंतर दोन स्थळांपर्यंत. प्रयोगशाळेने नाइलाजाने ०.०० लिहून दिले. मग त्याच ०.००वर बोट ठेवून प्रस्ताव नामंजूर झाला. का, तर मोनाझाइटचे अधिसूचित उंबरठा मूल्यही ०.०० आहे आणि उंबरठ्याइतकी किंवा त्याहून अधिक प्रत असलेला साठा फक्त सरकारी कंपनीकडेच जातो.

म्हणजे वाळूत मोनाझाइट असले तरी ती राखीव, नसले तरी राखीव. मग नमुने काढायचे कशासाठी? ब्रोमोफॉर्ममध्ये जड खनिजे वेगळी करायची, चुंबकीय विभाजक चालवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजायचे, हा सगळा खर्च कोणाच्या कामाचा?

२०१६च्या अणुखनिजांच्या नियमांत हा उंबरठा एकूण जड खनिजांच्या ०.७५ टक्के होता. वाळूत १० टक्के जड खनिजे धरली, तर टनामागे ७५० ग्रॅम मोनाझाइट. हा आकडा मोजता येत होता, पडताळता येत होता, त्यावर वादही घालता येत होता. फेब्रुवारी २०१९मध्ये तो ०.०० झाला. त्यामागची चिंता खरी होती. गार्नेट आणि इल्मेनाइट काढून घेतल्यावर उरलेल्या शेष वाळूत थोरियमधारी मोनाझाइट साचते आणि त्याचा हिशेब चोख राहिला नाही, तर देशाचे थोरियम हातचे जाते. भाभांनी आखलेल्या अणुऊर्जा कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याचे इंधन हेच आहे. कल्पाक्कमची कामिनी अणुभट्टी थोरियमपासून मिळणाऱ्या युरेनियम-२३३वर चालते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मोनाझाइटचा एक कणही बेहिशेबी जाता कामा नये, ही या मासिकाची भूमिका आहे आणि ती राहील.

पण शून्य हा उंबरठा होऊच शकत नाही, कारण शून्य मोजता येत नाही. तीनशे कणांच्या मोजणीत मोनाझाइटचा एक पिवळा, गोलसर कण सापडला, तरी प्रमाण ०.३३ टक्के येते. ०.०१ टक्का पाहायचा, तर दहा हजार कण मोजावे लागतील. गॅमा वर्णपटमापीने थॅलियम-२०८च्या रेषेवरून थोरियम काढले, तरी पार्श्वभूमीच्या खाली काय आहे हे उपकरण सांगत नाही. ‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ या दोन विधानांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने खनिजांच्या फायलीवर सही करू नये.

दक्षिणेतल्या चवरा आणि मनवलकुरिचीच्या वाळूमागे खोंडालाइट, चार्नोकाइट आहेत, म्हणून तिथे मोनाझाइट येते. रत्नागिरीकडच्या काळबादेवी, मालगुंडच्या काळ्या वाळूमागे दख्खनचा बेसाल्ट आणि त्यावरचा जांभा आहे. बेसाल्टमधून इल्मेनाइट, मॅग्नेटाइट मिळते. मोनाझाइट मिळत नाही. सिंधुदुर्गाच्या दक्षिणेला ग्रॅनाइट-नाइसचा प्रदेश लागतो, तिथला हिशेब वेगळा मांडावा लागेल. पण सबंध किनारपट्टीला एकच शून्य लावताना मूळ खडक कोणी पाहिला?

त्यात खाण कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीने गोंधळ वाढवला. टायटॅनियम आणि झिरकोनियमची खनिजे अणुखनिजांच्या यादीतून निघाली आणि महत्त्वाच्या खनिजांत गेली. पुळणीवरची खनिजे मात्र यादीत तशीच राहिली. डोंगरातल्या इल्मेनाइटचा लिलाव होऊ शकतो. तेच इल्मेनाइट झिजून किनाऱ्यावर आले की अणुखनिज ठरते. केंद्राने हे दुरुस्त करावे. उंबरठा शोधमर्यादेच्या वर आणावा, तो मूळ खडकानुसार ठरवावा आणि शेष वाळूचे वजन व किरणोत्सार यांची सक्तीची नोंद ठेवायला लावावी. थोरियमचे रक्षण त्या नोंदीने होईल.

आता आपल्या मंडळींविषयी. भरतीरेषेवरून खोऱ्याने उचललेली मूठभर वाळू ‘नमुना’ म्हणून पाठवणारे अजून आहेत. पावसाळ्यानंतर पृष्ठभागावर काळा थर साचतो आणि जड खनिजांचे प्रमाण फुगते, हे माहीत असूनही खाली वेधन घेतले जात नाही. नमुन्याचा दुसरा भाग जपून ठेवला जात नाही. शोधमर्यादा लिहायचा कंटाळा केला जातो. मग कार्यालयाने ०.०० लिहायला सांगितले, की लिहून मोकळे! अशा अहवालांच्या जोरावर दिल्लीत कोणाशी वाद घालणार?

मित्रहो, यापुढे एकानेही शोधमर्यादेशिवाय आकडा देऊ नये. अहवाल परत आला, तर परत येऊ द्या. कारणासह पुन्हा तोच पाठवा आणि कार्यालयाच्या शेऱ्याची प्रत आमच्याकडे द्या. प्रत्येक नमुन्याचे ठिकाण, खोली, महिना, जड खनिजांची टक्केवारी, मोजलेले कण आणि पद्धत लिहून पाठवा. ज्यांच्या वाळूत मोनाझाइट सापडले असेल, त्यांनी तेही पाठवावे, लपवू नये. जयगडपासून विजयदुर्गापर्यंतच्या नोंदी एकत्र करून आम्ही खाण मंत्रालयाला आणि अणुऊर्जा विभागाला निवेदन देणार आहोत. पावसाळा लागण्यापूर्वी वेधने उरकली पाहिजेत. ज्यांच्याकडे साधने नाहीत, त्यांना शेजारच्यांनी ती द्यावीत.